विहिरीची वही कोण ठेवणार?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

एप्रिल लागला की आपल्या जिल्हा पानावर पाण्याच्या बातम्या सुरू होतात. अमुक गावाचे इतके नमुने दूषित, तमुक गावच्या हापशीला फ्लोराइड. बातमीत आकडा असतो. पण नमुना कोणत्या महिन्यातला, कोणत्या बोअरचा, पंप किती वेळ चालवून घेतला, कोणत्या पद्धतीने तपासला, यातले काहीच नसते. यात बातमीदाराचा दोष नाही. त्याच्या हाती येणाऱ्या कागदावरच ते लिहिलेले नसते. असा आकडा अर्धाच असतो. उरलेला अर्धा सांगू शकणारा माणूस म्हणजे तालुक्याच्या कॉलेजातला पर्यावरण रसायनशास्त्राचा प्राध्यापक. ग्रामीण विदर्भात ही जागा आज एकतर रिकामी आहे, नाहीतर तासिका तत्त्वावर आहे. तो माणूस नेमके काय करतो आणि तो नसला की काय बिघडते, हे वाचकांना कळावे म्हणून हे पत्र.

आपल्याकडचे पाणी एका जातीचे नाही. यवतमाळ जिल्ह्यात केळापूर, झरी जामणी, वणी आणि चंद्रपुरात वरोरा, राजुरा या बाजूला फ्लोराइड. अमरावती, अकोला, बुलडाण्यात पूर्णा नदीच्या दोन्ही काठांना खारपाणपट्टा, म्हणजे भूजल खारे असलेला भाग. आणि नायट्रेट जवळपास सगळीकडे, विशेषतः उकिरडा, गोठा किंवा शोषखड्डा लागून असलेल्या उथळ विहिरींत. या तिन्हींचे वागणे निराळे, म्हणून नमुना घेण्याची वेळ निराळी आणि उपायही निराळा.

फ्लोराइडचेच घ्या. खोल बोअरचे पाणी खडकात वर्षानुवर्षे मुरलेले असते. त्यातले कॅल्शियम मातीला धरून बसते आणि त्याच्या जागी सोडियम पाण्यात येते. बायकार्बोनेट वाढते, सामू (पीएच) वर जातो. कॅल्शियम भरपूर असेल तर ते फ्लोराइडला धरून ठेवते, फार विरघळू देत नाही. कॅल्शियम कमी झाले की ही पकड सुटते. म्हणून जे पाणी हलके लागते, ज्यात डाळ लवकर शिजते आणि साबणाला छान फेस येतो, तेच ‘गोडे पाणी’ कित्येकदा फ्लोराइडचे निघते. गावाने मचूळ विहीर सोडून गोड्या बोअरवर जावे आणि दहा वर्षांनी मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे दिसावेत, यामागे हे रसायन आहे. कायमचे दात हिरडीत घडत असतात त्या वयात, म्हणजे साधारण आठ वर्षांच्या आत, हे पाणी पोटात गेले तर तो डाग पुढे जात नाही. हाडांपर्यंत पोहोचलेल्या फ्लोराइडवर तर औषधच नाही.

पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस १०५००, २०१२) फ्लोराइडची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम आहे. दुसरा स्रोत नसेल तर १.५ पर्यंत चालते. नायट्रेटला ४५ मिलिग्रॅम, आणि तिथे सवलत नाही. नायट्रेटच्या बाबतीत एक चूक इतक्या वेळा होते की ती वेगळी सांगायला हवी. काही प्रयोगशाळा निकाल ‘नायट्रेट’ म्हणून देतात, काही ‘नायट्रेट-नायट्रोजन’ म्हणून. दुसऱ्याला ४.४३ ने गुणले की पहिला मिळतो. म्हणजे अहवालात १५ आकडा असेल आणि तो नायट्रोजनचा असेल, तर नायट्रेट ६६ झाले. विहीर मर्यादेच्या बाहेर गेली. कागदावरच्या १५ कडे पाहून ग्रामपंचायत निश्चिंत राहते आणि त्याच पाण्यात तान्ह्या लेकराचे वरचे दूध कालवले जाते. बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती नायट्रेटने घटते, अंग निळसर पडते. एका शब्दाची चूक, पण ती पकडायला एकक वाचणारा डोळा लागतो.

खरे काम प्रयोगशाळेच्या आधी, हापशीवर सुरू होते. सहा इंची बोअरमध्ये प्रत्येक मीटर पाण्याला सुमारे १८ लिटर साठा असतो. ३० मीटर उभे पाणी असेल तर ५४० लिटर. हे पाणी पाइपात उभे राहून शिळे झालेले असते आणि त्यात पाइपाचा गंज उतरलेला असतो. पहिल्या चार हापशांत बाटली भरली तर लोह जास्त येणार, म्हणजे अहवाल खडकातल्या पाण्याचा न होता लोखंडी पाइपाचा होणार. हापशीने ५४० लिटर उपसत बसणे कोणाला जमत नाही. त्याला सोपी वाट आहे. सकाळी गावाचे पाणी भरून झाले, म्हणजे दोन-अडीच तास हापशी सतत चालली की मग जायचे. तरीही वाहकतामापक (पाण्यातल्या क्षारांचा अंदाज देणारे यंत्र) बादलीत धरून पाच-पाच मिनिटांनी तीन नोंदी घ्यायच्या. तिन्ही जुळल्या की बाटली भरायची. उघड्या विहिरीत वरची साय टाळून हातभर खालचे पाणी घ्यायचे.

बाटली प्लास्टिकची, एक लिटरची, नवी किंवा आम्लाने धुऊन उर्ध्वपातित पाण्याने विसळलेली, आणि भरण्याआधी त्याच विहिरीच्या पाण्याने तीनदा खळबळलेली असावी. शीतपेयाची, तेलाची, आणि फवारणीच्या औषधाची तर कदापि नाही. फ्लोराइडचा नमुना काचेत ठेवू नये. धातूंसाठी बाटली वेगळी: पाणी गाळून त्यात सामू २ च्या खाली जाईल इतके शुद्ध नायट्रिक आम्ल घालायचे, नाहीतर हापशीतून स्वच्छ दिसलेले पाणी हवा लागताच पिवळे पडते, लोह तळाशी बसते आणि वरच्या पाण्यात ते सापडत नाही. जंतूंची बाटली तिसरी, निर्जंतुक केलेली, क्लोरीन मारण्यासाठी चिमूटभर सोडियम थायोसल्फेट घातलेली. सामू आणि तापमान जागेवरच मोजावे लागते, कारण बाटलीतून कार्बन डायऑक्साइड उडाला की सामू चढतो. नायट्रेटची बाटली बर्फाच्या डब्यात ठेवून ४८ तासांत तपासावी. मे महिन्यात एसटीच्या टपावर किंवा मोटारसायकलच्या डिकीत दिवसभर तापलेल्या बाटलीत जिवाणू आपले काम करून मोकळे झालेले असतात. तिचा आकडा छापू नये.

फ्लोराइड तपासण्याच्या दोन पद्धती प्रचलित आहेत. एक रंगाची, स्पॅडन्स नावाच्या लाल रंगद्रव्याची. त्यात फ्लोराइड जितके जास्त तितका रंग फिका पडतो, आणि तो ५७० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशात मोजतात. ही पद्धत लिटरला १.४ मिलिग्रॅमपर्यंतच सरळ रेषेत चालते. चार मिलिग्रॅमचे पाणी पातळ न करता तपासले तर आकडा खोटा येतो, आणि कोणाला शंकाही येत नाही. दुसरा फास टीसीएलचा, म्हणजे ब्लीचिंग पावडरचा. जलसुरक्षकाने आदल्या संध्याकाळी विहिरीत टीसीएल पावडर टाकली असेल तर तिचा क्लोरीन हा रंग आपणच उडवतो, आणि फ्लोराइड नसलेल्या विहिरीत फ्लोराइड ‘सापडते’. क्लोरीन आधी सोडियम आर्सेनाइटच्या एखाद-दोन थेंबांनी मारावा लागतो. ते द्रावण स्वतःच जहर आहे. विद्यार्थ्याच्या हाती देताना शिक्षक शेजारी उभा हवा.

दुसरी पद्धत विद्युतअग्राची (इलेक्ट्रोडची). पन्नास मिलिलिटर नमुन्यात तितकेच बफर द्रावण घालायचे. ते सामू ५ ते ५.५ च्या दरम्यान धरते आणि ॲल्युमिनियम-लोहाने बांधलेले फ्लोराइड मोकळे करते. मग ढवळत ठेवून तीनेक मिनिटांनी मिलिव्होल्ट वाचायचे. प्रमाण द्रावण प्रयोगशाळेतच करता येते: वाळवलेले सोडियम फ्लोराइड ०.२२१ ग्रॅम एक लिटरमध्ये, म्हणजे लिटरला १०० मिलिग्रॅम फ्लोराइड झाले. त्यातून ०.५, १, २ आणि ५ ची द्रावणे करून रेषा काढायची. २५ अंशांवर दहापट फरकाला सुमारे ५९ मिलिव्होल्ट पडायला हवेत, ४० अंशांवर ६२. ही गोष्ट विदर्भात विसरून चालत नाही. प्रमाण द्रावण फ्रिजमधून काढलेले आणि नमुना उन्हातून आणलेला असेल, तर अंशामागे दोनेक टक्के चूक जमा होत जाते. दोन्ही तासभर एकाच पाण्याच्या टबात ठेवले की प्रश्न मिटतो. हे कोणत्याही महागड्या यंत्राने होत नाही, सवयीने होते.

नायट्रेट २२० नॅनोमीटरवर वाचतात. पण पालापाचोळ्याचे कुजके पाणीही तिथेच प्रकाश शोषते. म्हणून २७५ वर पुन्हा वाचून त्याची दुप्पट वजा करायची. ही वजावट मूळ आकड्याच्या दहा टक्क्यांवर गेली तर निकाल टाकून देऊन दुसरी पद्धत वापरायची. ‘टाकून देणे’ हा शब्द मुद्दाम वापरला आहे. दोन महिन्यांची पायपीट करून आणलेला आकडा टाकून देण्याचे बळ शिकवावे लागते, ते पुस्तकातून येत नाही.

आणि सगळे आकडे आले की शेवटची झडती, विद्युतभाराचा ताळा. पाण्यात धन आणि ऋण भार सारखेच असतात. समजा खारपाणपट्ट्यातल्या एका विहिरीत लिटरला कॅल्शियम ४०, मॅग्नेशियम ३६, सोडियम २३० मिलिग्रॅम आले. त्यांना अनुक्रमे २०, १२.१५ आणि २३ या तुल्यभारांनी (एका विद्युतभारामागच्या वजनांनी) भागले की २, ३ आणि १०, एकूण १५. दुसऱ्या बाजूला बायकार्बोनेट ४८८, क्लोराइड १७७, सल्फेट ४८, नायट्रेट ६२. त्यांना ६१, ३५.४५, ४८ आणि ६२ ने भागले की ८, ५, १, १, एकूण पुन्हा १५. दोन बाजूंतला फरक त्यांच्या बेरजेच्या पाच टक्क्यांच्या आत असला तर अहवाल उभा राहतो. नसला तर कुठेतरी चूक आहे, आणि कोणत्या आकड्यात ते हुडकायचे आहे. आमच्या मते हा ताळा न जोडलेला एकही सविस्तर अहवाल ग्रामपंचायतीने स्वीकारू नये. किराणा दुकानाची जमाखर्चाची वही जशी जुळते, तशी ही जुळली पाहिजे.

आता प्राध्यापकाच्या नोकरीकडे. एम.एस्सी., मग नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा, पीएच.डी.; तिशीच्या आसपास सहायक प्राध्यापक. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष शिकवणे, सहयोगी प्राध्यापक आणि प्राध्यापकाला १४. पीएच.डी. हाती असेल तर चार, पाच, तीन आणि तीन वर्षांचे टप्पे ओलांडत, म्हणजे कमीत कमी पंधरा वर्षांनी प्राध्यापकपद. साठाव्या वर्षी निवृत्ती. याचा पाण्याशी संबंध असा की, तीस वर्षे एकाच तालुक्यात राहिलेला माणूस वीस विहिरी ठरवून वर्षातून दोनदा, मे महिन्यात आणि पावसाळा ओसरल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबरात तपासत राहिला, तर त्याच्या वहीत बाराशे नमुने जमतात. पावसाने उथळ विहिरीतले फ्लोराइड पातळ होते, तर नायट्रेट पहिल्या सरींबरोबर उकिरड्यावरून, शेतातल्या युरियावरून धुपून आत येते. एका वर्षाचा एक नमुना यातले काहीच सांगत नाही. बोअर खोल गेल्या तसतसे फ्लोराइड चढले की नाही, हे फक्त ती वहीच सांगू शकते.

पण बढतीच्या गुणांत त्या वहीला किंमत नाही. शोधनिबंध मोजले जातात, त्यामुळे दोन हंगामांचे नमुने घ्यायचे, निबंध छापायचा, विहिरी सोडून द्यायच्या, अशीच रीत पडली. पीएच.डी.चे विद्यार्थीही तीन-चार वर्षांत प्रबंध देऊन निघून जातात. ‘शोधगंगा’ या प्रबंधांच्या संकेतस्थळावर विदर्भाच्या पाण्यावरचे प्रबंध उघडून पाहावेत: कित्येकांत विहिरीचा पत्ता ‘मारुती मंदिराजवळ’ एवढाच. अक्षांश-रेखांश नाही, खोली नाही. पुढच्याने तीच विहीर शोधायची कशी?

त्याहून मोठे दुखणे तासिका तत्त्वाचे. या शिक्षकाची नेमणूक सत्रापुरती असते, पैसे तासागणिक मिळतात. भूजल सर्वांत खाली गेलेले असते तो महिना मे. आणि त्या महिन्यात त्याची नेमणूकच नसते. जो नमुना सर्वांत मोलाचा, तो घ्यायला कायद्याने कोणी हजर नाही. जूनमध्ये नवा माणूस येतो, त्याला यंत्राची किल्ली मिळेपर्यंत दिवाळी येते. सामूमापकाचे विद्युतअग्र दोन वर्षे कोरडे पडून राहिले की निकामी होते, बफर मुदतीबाहेर जाते. यात त्या तरुण शिक्षकांची चूक नाही. त्यांच्यात उत्तम विश्लेषक आहेत, आणि ते नऊ महिन्यांच्या नोकरीत तीस वर्षांचे काम सुरू करू शकत नाहीत.

दीर्घकाळ टिकलेल्या अशा कामाचे मोल पाहायचे तर जादवपूर विद्यापीठातले दीपंकर चक्रवर्ती पाहावेत. १९८८ पासून २०१८ मध्ये निधन होईपर्यंत त्यांनी बंगालच्या कूपनलिकांतल्या आर्सेनिकचा पिच्छा सोडला नाही. गावोगाव नमुने घेतले, लोकांचे केस-नखे तपासली, सरकार मानायला तयार नव्हते तेव्हाही आकडे मांडत राहिले. अमेरिकेत क्लेअर पॅटर्सन हा भूरसायनशास्त्रज्ञ पृथ्वीचे वय मोजत होता. १९५६ मध्ये त्याने ते सुमारे ४५५ कोटी वर्षे ठरवले. त्या कामात त्याच्या नमुन्यांत सारखे शिसे मिसळत होते. ते कोठून येते याचा माग काढताना तो पेट्रोलमधल्या शिशापर्यंत पोहोचला. कोऱ्या नमुन्यात, म्हणजे निव्वळ शुद्ध पाण्यात आकडा आला तर तो झटकून टाकायचा नाही, हे त्याच्याकडून शिकावे. आपल्या नागपुरातच १९५८ पासून नीरी ही पर्यावरण संशोधनाची राष्ट्रीय संस्था आहे. फ्लोराइड काढण्याचे नलगोंडा तंत्र तिथलेच. तुरटी, चुना, ब्लीचिंग पावडर घालून दहा मिनिटे हळू ढवळायचे, तासभर निवळू द्यायचे, वरचे पाणी काढून घ्यायचे. चुना तुरटीच्या विसाव्या-पंचविसाव्या हिश्शाने. पण तुरटी किती, हे फ्लोराइड आणि पाण्याची अल्कता (आम्ल पचवण्याची क्षमता) या दोन्हींवर ठरते, म्हणजे पुन्हा तपासणीवर. अंदाजाने टाकलेली तुरटी एकतर फ्लोराइड सोडते, नाहीतर पाण्यात ॲल्युमिनियम ठेवते.

जाता जाता एक गोष्ट, कारण घरोघरी गैरसमज आहे. पाणी उकळून फ्लोराइड किंवा नायट्रेट जात नाही. पाणी आटते आणि दोन्ही वाढतात. टीसीएलनेही जात नाही. आरओने जाते, पण त्यातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात ते दाट झालेले असते. ते विहिरीजवळच्या नालीत सोडले तर फेरा पूर्ण होतो. आणि प्रयोगशाळेचेही तसेच: पारा असलेली अभिकारके मोरीत ओतायची नाहीत, वेगळ्या कॅनमध्ये साठवून घातक कचरा म्हणून द्यायची.

आमचे मागणे मोठे नाही. फ्लोराइड आणि खारपाणपट्ट्यातल्या प्रत्येक तालुक्यात निदान एका कॉलेजात पर्यावरण रसायनशास्त्राची एक कायम जागा असावी. तिला वीस विहिरी नेमून द्याव्यात, आणि प्रत्येकीचे अक्षांश-रेखांश, खोली, बोअरचे वर्ष पहिल्या पानावर लिहावे. विद्यापीठाने ही वही बढतीच्या गुणांत धरावी. माणूस निवृत्त होण्याआधी एक पूर्ण वर्ष त्याच्या जागी येणारा सोबत असावा, म्हणजे तो मे आणि नोव्हेंबर दोन्ही फेऱ्या पाहील. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेची निरीक्षण विहीर जवळ असेल तर तीही वीसमध्ये घ्यावी, म्हणजे दोन आकडे ताडून पाहता येतील.

आणि संपादक महोदय, आपल्याकडून एवढेच: पाण्याची बातमी छापताना विहिरीचे ठिकाण, नमुन्याची तारीख, तपासणीची पद्धत आणि एकक या चार गोष्टी मागून घ्याव्यात. बातमी दोन ओळींनी वाढेल. पुढच्या मेची फेरी करायची असेल तर बाटल्या एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आम्लात भिजत घालाव्या लागतात, आणि त्यासाठी मार्चअखेर नेमणूक संपणार नाही असा माणूस लागतो.

आपले,
रसायनशास्त्राचे काही अध्यापक,
यवतमाळ जिल्हा